नियमात बसणारं मूल

आमच्या घरात बालरोधक झाकणं उघडण्याचं काम आमच्या मुलीकडे होतं. तिचं वय तेव्हा तीन वर्षं नऊ महिने.

ही व्यवस्था कुणी बसून ठरवलेली नाही, ती गरजेतून उभी राहिली. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्या ज्या बाटलीत येतात तिच्या झाकणावर 'खाली दाबा आणि फिरवा' असं लिहिलेलं असतं. सासूबाई दाबतात तेव्हा फिरवायचं राहतं, फिरवतात तेव्हा दाबायचं राहतं. दोन्ही एकदम केलं तर त्या मनगट धरून बसतात. मग मनगटासाठी वेगळी गोळी लागते आणि तीही तसल्याच बाटलीत असते. माझा नवरा इंजिनियर आहे. त्याने बाटली आधी हातात, मग दाराच्या फटीत, मग दातांत धरून पाहिली आणि हे झाकण तत्त्वतः उघडत नाही असा निष्कर्ष काढला. मी ओला टॉवेल, कोरडा टॉवेल आणि गरम पाणी हे तिन्ही उपाय केले. झाकण टक-टक करत जागच्या जागी फिरत राहिलं.

तेव्हा भिंगरी पुढे आली. एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो, खरं नाव शाळेच्या फॉर्मसाठी राखून ठेवलं आहे. "आजी, दे इकडे," ती म्हणाली. बाटली तिने पोटाशी धरली, हनुवटीने झाकण दाबलं आणि फिरवली ती बाटली. झाकण नव्हे, बाटली. अकरा सेकंद लागले.

मी काळजी करणारी बाई आहे हे इथे नमूद करायला हवं. आमच्या टीपॉयच्या चारही कोपऱ्यांना स्पंज आहे, सॉकेटांना बुचं आहेत, खिडक्यांना जाळ्या आहेत आणि कमोडच्या झाकणाला खटका आहे. तो खटका कसा काढायचा ते फक्त मला माहीत असल्यामुळे पाहुण्यांना आधी मला शोधावं लागतं. नवरा म्हणतो, या घरात आता फक्त मोठ्यांनाच इजा होते. तरीही भिंगरीने गोळ्यांची बाटली उघडावी यात मला काही वावगं दिसलं नाही. गोळ्या आजीच्या हातात, आजी सोफ्यावर, मी समोर. इतकंच नाही, पाहुणे आले की सासूबाई गुडघा दुखत नसतानाही बाटली बाहेर काढायच्या. "बघा हं आता आमची भिंगरी." पाहुणे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचे.

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी कपडे वाळत घालत असताना सोफ्यामागून टक-टक असा आवाज आला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. गोळ्या त्यांच्या पिशवीत होत्या.

सोफ्यामागे चहापान चाललं होतं. बाहुली भिंतीला टेकून बसली होती, तिच्यापुढे खेळण्यातला कप होता आणि कपात कमोड साफ करायचं निळं लिक्विड होतं. दुसरा कप भिंगरीच्या हातात होता, ओठांपासून चार बोटांवर.

"काय करतेस?"

"फुंकतेय. गरम आहे."

त्या दिवशी माझ्या मुलीला झाकणाने वाचवलं नाही, कायद्याने नाही, माझ्या स्पंजांनी तर नाहीच नाही. तिला वाचवलं ते चहा गरम असतो या तिच्या समजुतीने. मी दोन्ही कप ओतले, तिचे हात तीनदा धुतले, तोंडाचा वास घेतला आणि मग न्हाणीघराच्या फरशीवर बसून बाटलीचं लेबल शब्दन् शब्द वाचलं. 'प्रमाणित बालरोधक झाकण. आपल्या लाडक्यांच्या निर्धास्त बालपणासाठी.' खाली सरकारी शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला आणि बाटलीला घेऊन त्या शिक्क्याच्या कार्यालयात गेले. हे झाकण बाजारातून उठलंच पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. मला ती फार साधी वाटत होती.

बाल-सुरक्षा कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला कठडा नव्हता. भिंतीवर पाटी होती : 'लहान मुलांना सांभाळून न्यावे. कठडा मंजूर झाला आहे.' आत चारही भिंतींवर सुरक्षित बालपणाची पोस्टरं लावली होती आणि त्यांच्या टाचण्या खाली गळून पडल्या होत्या. मी रांगेत उभी असेपर्यंत भिंगरीने सात गोळा केल्या.

परीक्षक सज्जन होते. त्यांच्या गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ लटकत होतं आणि बोलताना ते मधूनमधून त्याचं बटण दाबत, बहुधा सवयीने. मी मनातल्या मनात त्यांचं नाव घड्याळवाले ठेवलं.

"काय झालं?"

"बालरोधक झाकण उघडलं."

"कुणी?"

"हिने."

त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे, मग परत भिंगरीकडे. "असं होत नाही."

"झालंय."

"ताई, झालं असेल. पण होत नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, शांतपणे विचार करू. बालरोधक झाकण म्हणजे काय, तर जे बालकाला उघडत नाही ते. हे उघडलं. म्हणजे शक्यता दोनच. एक, झाकण बालरोधक नाही. पण त्याला आमचंच प्रमाणपत्र आहे, तेव्हा त्या शक्यतेचा विचार मला या टेबलावर बसून करता येत नाही. राहिली दुसरी."

"दुसरी कुठली?"

"जिने उघडलं ती बालक नाही."

मी पर्समधून जन्मदाखला काढला. त्यांनी तो आदराने दोन्ही हातांत घेतला, वाचला आणि परत दिला.

"यावरून ती जन्मली आहे एवढं सिद्ध होतं."

"अहो, पावणेचार वर्षांची आहे ती!"

"वय हा एक मुद्दा झाला. नियम नऊ वयावर जात नाही." त्यांनी पुस्तक उघडून माझ्याकडे फिरवलं. नियम नऊ असा होता : 'जी व्यक्ती प्रमाणित झाकण पाच मिनिटांत उघडू शकत नाही, ती या नियमांच्या प्रयोजनार्थ बालक समजावी. जी उघडू शकते, ती प्रौढ समजावी.'

हा नियम अकरा सदस्यांच्या समितीने एकमताने केला आहे. नऊ सदस्य झाकण-उत्पादक संघाचे आहेत, एक निवृत्त अधिकारी आहेत आणि एक जागा पालकांच्या प्रतिनिधीसाठी राखीव आहे. ती पहिल्या दिवसापासून रिकामी आहे, कारण सभा सकाळी साडेआठला असते आणि तेव्हा पालक मुलांना शाळेत सोडत असतात.

"तुम्ही स्वतः कधी उघडून पाहिलंय हे झाकण?" मी विचारलं.

"मी परीक्षक आहे, ताई. मला निष्पक्ष राहावं लागतं."

शेवटी त्यांनी मार्ग काढला. सगळ्या घराची चाचणी घेऊ, म्हणाले. घरात बालक किती आणि प्रौढ किती ते एकदा नक्की झालं की तक्रारीला पाया मिळेल. पाया हा शब्द मला आवडला. पुढच्या गुरुवारी आम्ही सहकुटुंब हजर झालो.

चाचणी-दालनात सगळं फर्निचर लहान मुलांच्या मापाचं होतं. नवऱ्याचे गुडघे कानांच्या रेषेत आले. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती, कारण परीक्षा सरकारी होती. प्रत्येकापुढे एकेक रिकामी बाटली आली आणि घड्याळवाल्यांनी बटण दाबलं.

पाच मिनिटं फार मोठी असतात. सासूबाईंनी पहिल्याच मिनिटाला बाटली खाली ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना गुडघ्यांचा इतिहास सांगायला घेतला. नवऱ्याने पहिली दोन मिनिटं झाकणाचा अभ्यास केला, पुढची दोन झाकणाशी झटापट केली आणि शेवटचं एक मिनिट मोबाइल पाहिला. मी नेटाने प्रयत्न केला. चौथ्या मिनिटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अंगठ्यामुळे. भिंगरीने हनुवटी टेकवली, बाटली फिरवली, झाकण टेबलावर ठेवलं आणि घड्याळवाल्यांना विचारलं, "अजून आहे?"

आठवड्याने निकाल पोस्टाने आला. सासूबाई : बालक. शेरा, 'गप्पिष्ट.' नवरा : बालक. शेरा, 'लक्ष टिकत नाही.' मी : बालक. शेरा, 'रडते.' भिंगरी : प्रौढ. शेरा, 'सहकार्य उत्तम.' खाली टाइप केलेला एक परिच्छेद होता : 'सदर घरात एक प्रौढ व्यक्ती असून तिच्या देखरेखीखाली तीन बालके राहतात. प्रौढ व्यक्तीने त्यांची योग्य ती काळजी घ्यावी. धोकादायक वस्तू बालकांच्या हाती लागू देऊ नयेत.'

"म्हणजे मी या वयात बालक!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका खुलला की पुढचं मला बोलवेना.

मी तडक कार्यालय गाठलं. "माझ्या तक्रारीचं काय झालं?"

"ती बाद झाली," घड्याळवाले हळहळून म्हणाले. "तुमची सही आहे ना तिच्यावर. बालकाच्या सहीची तक्रार आम्ही कशी घेणार? घरातल्या प्रौढ व्यक्तीमार्फत या."

"घरातली प्रौढ व्यक्ती ही माझ्या कडेवर आहे."

"मग उत्तमच झालं. बाई, बसा." हे ते भिंगरीला म्हणाले. तिच्यासाठी मोठी खुर्ची ओढली, मला स्टूल दाखवलं. "बोला, आपली काय तक्रार आहे?"

भिंगरीने विचार केला. तिला इतक्या गंभीरपणे आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"आई ओरडते."

"कशावरून?"

"स्पंज काढला तर. आणि कमोड उघडून देत नाही."

"अगं, झाकणाचं सांग! निळ्या बाटलीचं!" मी म्हटलं.

"मध्ये बोलू नये, बाळ," घड्याळवाले मला म्हणाले आणि लिहीत राहिले.

माझी तक्रार दोन आठवडे पडून राहून बाद झाली होती. भिंगरीची चार दिवसांत निकाली निघाली. कार्यालयाचं पत्र आलं की घरातल्या एका बालकाने प्रौढ व्यक्तीवर आवाज चढवू नये आणि प्रसाधनगृह सर्वांना खुलं ठेवावं. नवऱ्याने खटका त्याच दिवशी उचकटून टाकला. म्हणाला, "कायदा म्हणजे कायदा." त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता, तो माझ्या नजरेतून सुटला नाही.

इथपर्यंत मी लढायच्याच तयारीत होते. जुन्या बाटलीतलं निळं लिक्विड ओतून टाकलं होतं, रिकामी बाटली पुरावा म्हणून पिशवीत ठेवली होती, समितीतली रिकामी जागा मिळावी म्हणून अर्ज केला होता आणि शेजारणींच्या सह्या गोळा करायला एक वही घातली होती. वहीत दोन सह्याही झाल्या होत्या. त्यातली एक सासूबाईंची होती, म्हणजे ती धरता येणार नव्हती.

मग बालवाडीचे प्रवेश सुरू झाले.

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी भिंगरीचा फॉर्म पाहिला, तिचं खरं नाव पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण वाचलं, आणि मग संगणकात बघून त्यांनी चष्मा काढला.

"प्रौढ दिसतेय हो तुमची मुलगी."

"ते एका झाकणावरून..."

"कशावरूनही असो. सगळ्या नोंदी आता एकमेकांना जोडल्यात. प्रवेशासाठी यंदापासून झाकणाची चाचणी लागते आणि आमच्याकडे प्रौढांना प्रवेश नाही. संध्याकाळी सात ते आठ साक्षरता वर्ग असतो, त्यात घालू का?"

"अहो बाई, ती अजून अंगठा चोखते."

"त्या वर्गात बरेच जण अंगठाच देतात सुरुवातीला. समजून घेतील."

बाहेर ओट्यावर शेजारची आई उभी होती. तिचा मुलगा भिंगरीच्याच वयाचा. एरवी तो अमुक शब्द लवकर बोलला, तमुक अंक लवकर शिकला, हे ती जिन्यात दोन मजले ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

"आमचा पहिल्याच खेपेला बालक ठरला हो," ती म्हणाली. "पाचच्या पाच मिनिटं नुसता बाटलीकडे बघत बसला. हात म्हणून लावला नाही! परीक्षक म्हणाले, असं मूल पाहिलं नाही."

"छान," मी म्हटलं.

"तुमची?"

"आमची जरा... लवकर झालंय तिचं."

"बाई गं. मग फेरचाचणीआधी वर्गाला का नाही घालत? आम्ही घातलं होतं. न उघडण्याचे वर्ग निघालेत ना कोपऱ्यावर. आठ मुलांची बॅच असते. पण आता जागा नसेल."

जागा नव्हतीच. मी विचारून आले. वर्गाच्या खिडकीतून आठ मुलं दिसत होती, आठ बाटल्यांसमोर आठ जण डोळे मिटून बसले होते. इतकी सुंदर शांतता मी लहान मुलांच्या खोलीत कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

त्या संध्याकाळी मी सह्यांची वही कपाटात टाकली आणि भिंगरीला समोर बसवलं.

"हाताची घडी, तोंडावर बोट."

भिंगरीने हाताची घडी घातली. मग बोट तोंडाकडे नेलं, तर घडी सुटली. परत घडी घातली, बोट अडकलं. "आई, दोन्ही हात घडीत आहेत. बोट कुठून आणू?"

"तू प्रयत्न तर कर."

"तू करून दाखव."

मी करून दाखवलं. मलाही येईना. शेवटी बोट राहू दे, नुसती घडी घाल, असं ठरलं. पुढ्यात बाटली ठेवायची, पाच मिनिटं घडी घालून बसायचं, हात लावायचा नाही. हात लावला तर शाळा नाही. नाही लावला तर शाळा, दप्तर, डबा आणि घसरगुंडी.

नवरा बराच वेळ दारात उभा राहून पाहत होता. "अगं, पण एक सांग. ती बालक ठरली, म्हणजे तिला झाकण उघडत नाही असं ठरलं. मग झाकणही पास झालं ना? तू तर ते बाजारातून उठवायला निघाली होतीस."

"आधी शाळा तर मिळू दे. तक्रार काय, नंतरही करता येते."

"नंतर काय म्हणून करणार? आपल्याच मुलीला उघडत नाही असं आपणच लिहून देणार."

"मग काय, साक्षरता वर्गाला घालू? सांग ना तू."

त्याने फळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाटल्या आपण वरच्या फळीवर ठेवू."

"गोळ्यांची वर ठेवू नकोस हं," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी बालक आहे, माझा हात पुरायचा नाही."

भिंगरीची तयारी तीन आठवडे चालली. पहिल्या आठवड्यात तिची बोटं आपोआप बाटलीकडे सरकायची, जशी आपली बोटं खाजेकडे सरकतात. दुसऱ्या आठवड्यात बोटं थांबली, हनुवटी तेवढी थरथरायची. तिसऱ्या आठवड्यात ती पुतळ्यासारखी बसू लागली. पाच मिनिटं ती बाटलीकडे बघतसुद्धा नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी त्याचा अर्थ लक्ष टिकतंय असा घेतला.

फेरचाचणीच्या दिवशी आधी माझ्याकडून एक हमीपत्र भरून घेतलं. मजकूर छापलेलाच होता : 'माझे मूल असे काही करत नाही.' खाली पालकाची सही. मी बालक असूनही माझी सही चालेल का, असं मी विचारलं. घड्याळवाले म्हणाले, "तक्रारीवर चालत नाही, हमीवर चालते."

मी सही केली.

समोर तीच निळी बाटली आली. त्याच कंपनीची, त्याच झाकणाची, या वेळी भरलेली. झाकणाच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती म्हणून घड्याळवाल्यांनी दोन्ही कामं एका चाचणीत उरकायचं ठरवलं होतं. "कामाचा निपटारा," ते अभिमानाने म्हणाले आणि बटण दाबलं.

भिंगरीने हाताची घडी घातली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मला त्या क्षणी तिने बाटली पोटाशी धरावी आणि अकरा सेकंदांत सगळ्या कार्यालयाचे डोळे उघडावेत असं वाटलं का? वाटलं. साधारण अर्धा सेकंद. मग तिची हनुवटी हलल्यासारखी दिसली आणि मी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. हनुवटी जागेवर गेली.

"पाच मिनिटं पूर्ण!" घड्याळवाले उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ताई, माझ्या नोकरीत असं बालक नाही पाहिलं. बोट नाही, हात नाही, प्रयत्नसुद्धा नाही. ही आदर्श आहे!"

लाज वाटायला हवी होती. पण माझ्या तोंडून निघालं, "आणि वर्गाला घातलं नव्हतं बरं का. सगळं घरीच करून घेतलं."

भिंगरीला 'प्रमाणित बालक' असं प्रमाणपत्र मिळालं, झाकणाला पुढच्या पाच वर्षांची मंजुरी मिळाली आणि दोन्ही कागदांवर एकाच दिवसाचा शिक्का पडला. शिवाय कार्यालयाला नव्या बोधचिन्हासाठी चेहरा हवाच होता. त्यांनी भिंगरीचा फोटो घेतला आणि चित्रकाराकडे पाठवला. चित्र असं हवं होतं की मुलीने हाताची घडी घातली आहे आणि तोंडावर बोटही ठेवलं आहे. चित्रकाराला आमचीच अडचण आली. त्याने ती सरळ सोडवली आणि मुलीला तिसरा हात काढला. समितीने चित्र एकमताने मंजूर केलं. बहुधा कुणी हात मोजले नाहीत.

बालवाडीत प्रवेश मिळाला. प्रमाणपत्राला चौकट करून आम्ही ते दिवाणखान्यात लावलं, ज्या भिंतीला टेकून पूर्वी बाहुली बसायची तिच्यावरच, सोफ्याच्या वर. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मी स्पंज लावला.

अडचण फक्त एकच आली. सासूबाईंनी सवयीने बाटली पुढे केली, "भिंगरे, उघड गं," तर भिंगरीने हाताची घडी घातली.

"मी मूल आहे. मला उघडत नाही."

"अगं, कालपर्यंत तर..."

"आई बघतेय ना," भिंगरी म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून सासूबाईंच्या गोळ्या नवरा औषधाच्या दुकानातूनच उघडून आणतो आणि एका वाटीत काढून टीपॉयवर ठेवतो. वाटीला झाकण नाही. वाटीला झाकण असावं असा नियमही नाही.

परवा शनिवारी शाळेला सुट्टी होती. जिन्यात शेजारची आई कुणाला तरी आपल्या मुलाची प्रगती सांगत होती, आमचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी कपडे वाळत घालत होते. सोफ्यामागून टक-टक असा आवाज आला.

वरच्या फळीखाली खुर्ची ओढलेली होती. बाहुली भिंतीला टेकून बसली होती, तिचे हात एकमेकांत अडकवून घडी घातली होती. पुढ्यात कप होता, कपात नव्या बाटलीतलं निळं लिक्विड होतं. दुसरा कप भिंगरीच्या हातात होता.

"काय करतेस?"

"चहा. बाहुलीची परीक्षा आहे, तिला नाही प्यायचा." तिने कप वर उचलला. "माझा गार झालाय. मी फुंकलाय."

मी दोन गोष्टी केल्या. आधी दार लावलं. मग कप काढून घेतला. दोन्हींच्या मध्ये फार तर दोन सेकंद गेले असतील. मोजायला घड्याळवाले नव्हते.

हात तीनदा धुऊन झाल्यावर मी तिला विचारलं, "तुला उघडत नाही ना ते?"

"तू बघतेस तेव्हा नाही उघडत," ती म्हणाली.

नव्या बोधचिन्हाच्या बाटल्या आता सगळीकडे आल्यात, तुमच्याही घरी असेल. कमोडशेजारी, खालीच, हाताशी. शिक्क्यात एक लहान मुलगी दिसेल. ती आमची. तिचे दोन हात घडीत आहेत. तिसऱ्याकडे जरा नीट बघा.

ही गोष्ट वाचताना तुमच्या मनात एक वाक्य येऊन गेलं असेल, मला माहीत आहे. आमचं मूल असं काही करत नाही. बरोबर आहे तुमचं. मीही तेच लिहून दिलंय, सहीसकट.